काकांची बियांकी: जुनी इटालियन स्टीलची सायकल पुन्हा रंगवून उभी करताना

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात जिन्याखाली एक सायकल कित्येक वर्षं उभी होती. अंगावर निळ्या ऑइलपेंटचा जाड थर, दोन्ही टायर सडलेले, हँडलची टेप सुटून लोंबणारी. माझे धाकटे काका कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन आज विद्यापीठाची इंजिनीअरिंग फॅकल्टी आहे, पण आम्ही बडोदेकर अजून कलाभवनच म्हणतो. कंपनीनं त्यांना १९८१ साली मशीनच्या ट्रेनिंगला मिलानला पाठवलं आणि परतताना सामानासोबत त्यांनी ही बियांकी आणली. पुढे कधीतरी गंजाचे ठिपके दिसायला लागले, तेव्हा घरातल्याच कुणीतरी खिडक्यांचा उरलेला रंग ब्रशनं तिला फासला.

दिवाळीत काका म्हणाले, "अगं, चालवणार असशील तर घेऊन जा. पण नीट कर हं तिला." त्या 'नीट'मध्ये काय काय येतं ते कळायला मला चार महिने लागले. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, कारण अशा सायकली अजून माळ्यांवर आणि जिन्यांखाली पडून आहेत, आणि घाईत केलेलं एखादंच काम त्यांना कायमचं बिघडवतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की बसवा. ही सायकल पातळ आहे. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचा पाइप आणि हिचा पाइप दिसायला सारखा, पण आत फरक आहे. त्या काळातल्या चांगल्या इटालियन फ्रेम बहुधा कोलंबस कंपनीच्या क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलच्या नळ्यांच्या असत. त्यातल्या 'एसएल' प्रकारात मुख्य नळ्यांची भिंत टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधे फक्त ०.६ मिलिमीटर असते. टोकाला जाड का, तर तिथे नळी लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या बाहीमध्ये) बसते, ब्रेझिंगची (पितळ किंवा चांदी वितळवून केलेल्या जोडाची) उष्णता सोसते आणि सगळा ताणही तिथेच येतो. मधला भाग अंगठ्याच्या नखाएवढ्या जाडीचा. म्हणून पुढे ज्या ज्या ठिकाणी कुणी तुम्हाला "जरा जोर लावा" म्हणेल, तिथे थांबायचं.

रंगवायचीच आहे का?

मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर रंगवू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. साबणाच्या पाण्यानं धुवा, गाडीच्या बारीक पॉलिशनं हलक्या हातानं घासा, वॅक्स लावा. गंजाचे ठिपके तेवढे साफ करून त्यावर जुळणारा रंग बारीक ब्रशनं टेकवा. चाळीस वर्षांचे ओरखडे त्या सायकलीचेच आहेत. ते एकदा गेले की कितीही पैसे टाकून परत येत नाहीत, आणि जाणकार माणूसही मूळ रंगाच्या सायकलीलाच जास्त मान देतो.

माझ्या बाबतीत निळ्या थराखालचा मूळ रंग पॉलिश पेपरनं खरवडून मग वर ब्रश मारलेला होता, त्यामुळे वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं. तरीही मी आधी आठ दिवस फक्त वरचा थर निघतो का ते पाहिलं. काही ठिकाणी निघाला, काही ठिकाणी दोन्ही एकदम आले. तेव्हाच ठरवलं.

रंगावर खर्च करण्याआधी फ्रेम जिवंत आहे का ते बघा. हेडट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या, मागे दोन-तीन इंचांवर, टॉपट्यूब (वरची आडवी नळी) आणि डाउनट्यूब (खालची तिरकी नळी) यांच्या खालच्या बाजूनं बोट फिरवा. तिथे लाट किंवा फुगवटा लागला, किंवा रंगाला आडव्या भेगा असल्या, तर सायकल कधीतरी समोरून आपटली आहे. डोळ्याला जे चुकतं ते बोटाला कळतं. मग बीबी शेलचा (पायडलचा आस बसतो त्या आडव्या नळीचा) तळ, मागचा ब्रेक बसतो त्या आडव्या पुलाचे सांधे आणि टॉपट्यूबवर केबलच्या क्लिपा बसतात त्या जागा. घाम नेमका तिथे साचतो. बारीक टोच्यानं दाबून बघा. टोच्या आत जात असेल तर रंग लावून काही उपयोग नाही.

फ्रेम सरळ आहे का हे घरी दोऱ्यानं तपासता येतं. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या खाचेला) दोरा बांधा, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून आणा. सीटट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं आलं की मागचा भाग मध्यावर आहे. एखाद्या मिलिमीटरच्या फरकाची चिंता नको. फरक पाच-सहाचा असेल तर ते काम रंगाआधी करून घ्यायचं. रंगानंतर फ्रेम वाकवली तर लगच्या कडेला नवा रंग तडकतो.

सुटं करण्याआधी नोंद

एक वही घ्या आणि व्हर्नियर कॅलिपर घ्या. इटालियन सायकलीची मापं आपल्या बाजारातल्या मापांशी जुळत नाहीत, आणि एकदा भाग हरवला की काय मागायचं तेच सांगता येत नाही. माझ्या वहीतली मापं अशी: बीबी शेलची रुंदी ७० मिलिमीटर आणि आटे ३६ मिलिमीटर व्यासाचे, इंचाला २४. सीटपोस्ट (सीटचा दांडा) २७.२. स्टेमची (हँडल धरणाऱ्या तुकड्याची) दांडी २२.२. मागच्या ड्रॉपआउटमधलं अंतर १२६, म्हणजे सहा गिअरच्या फ्रीव्हीलचं. हँडलचा मधला भाग २६. हँडलचं माप मात्र स्वतःच घ्या, कारण चिनेली कंपनीची जुनी हँडल २६.४ ची असतात आणि त्यांच्यात २६ चा स्टेम जबरदस्तीनं बसवायला गेलं तर काहीतरी तुटतंच.

प्रत्येक स्टिकरचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. लगच्या टोकापासून अक्षराच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर लिहा. शक्य असेल तिथे ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलनं उतरवून घ्या. फ्रेमवर ठोकलेला नंबरही उतरवा, रंगाखाली तो पुन्हा अंधुक होतो. सुटे भाग झिपच्या पिशव्यांत, प्रत्येकीत एक चिठ्ठी. वॉशर कुठल्या बाजूला कुठल्या क्रमानं होते ते चिठ्ठीवर चित्र काढून ठेवलं तर फार बरं पडतं.

सुटं करताना: उजव्या कपाची गोष्ट

इथेच मी सगळ्यात मोठी चूक होऊ दिली.

आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना बीबीचा उजवा कप (छर्रे धरणारी वाटी) उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. इंग्रजी पद्धत ती. इटालियन पद्धतीत दोन्ही कप सरळ आट्यांचे. हे मी वाचलेलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं. पण गल्लीतल्या चाचांच्या हातात पन्नास वर्षांचा अनुभव. त्यांनी कपावर मोठा पाना चढवला आणि म्हणाले, "बेन, आ कप तो ऊंधा आंटानो होय." मी एक क्षण गप्प राहिले, आणि त्या एका क्षणात त्यांनी पूर्ण अंगाचा भार टाकला. कप सुटण्याऐवजी आणखी आवळला. पाना निसटला, कपाच्या कडेचा एक कोपरा चपटा झाला आणि चाचांच्या बोटाची साल निघाली. चूक त्यांची नव्हती. त्यांनी आयुष्यभर जे पाहिलं तेच केलं. बोलायचं मी होतं.

नंतर तो कप असा निघाला. दोन दिवस गंजावरचं पातळ तेल, दर चार-पाच तासांनी थेंब थेंब. मग कपाच्या चपट्या बाजूंवर फ्रेमच शेगड्यात धरली, म्हणजे शेगड्याच्या जबड्यात कप घट्ट आणि फ्रेम आडवी. आता फ्रेमच लांब दांड्यासारखी झाली. दोन्ही हातांनी ती हळू फिरवली आणि एक 'टक्' असा आवाज आला. दिशेचा विचार आधी कागदावर करा, कारण या पद्धतीत कप स्थिर असतो आणि फ्रेम फिरते, डोकं गोंधळतं.

या आट्यांची एवढी काळजी का, त्याचंही कारण आहे. इंग्रजी शेलचे आटे खराब झाले तर ते मोठे करून इटालियन मापाचे कापता येतात. इटालियन शेलचे गेले तर त्याच्या पुढचं माप नाही. मग आट्यांशिवाय बसणारी वेगळी कार्ट्रिज शोधत बसावं लागतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. डावं पायडल उलट्या आट्यांचं, उजवं सरळ. हे मात्र सगळीकडे सारखंच. क्रँक (पायडलचा दांडा) काढायचा पुलर लावण्याआधी क्रँकमधले आटे ब्रशनं स्वच्छ करा आणि पुलर हातानं शेवटपर्यंत आत जाऊ द्या. अर्धवट बसवून पाना मारला तर अॅल्युमिनियमचे आटे लोण्यासारखे निघून येतात. कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीच्या क्रँकचा बोल्ट १५ चा असतो, नेहमीचा १४ चा पाना लागत नाही. हेडसेटचे (हँडल फिरतं त्या बेअरिंगचे) कप काढायला महागडं अवजार आणायची गरज नाही. लेथवाल्याकडून नळीच्या तुकड्याला टोकाकडून चार उभ्या चिरा पाडून घ्या आणि त्या टोकाची पानं थोडी बाहेर उघडा. आतून घातलं की ती कपाच्या कडेवर बसतात, मग हातोडीनं सरळ टोले.

सीटपोस्ट अडकला असेल तर घाबरू नका. अॅल्युमिनियम आणि स्टील वर्षानुवर्षं घामात एकत्र राहिले की मधे पांढरी पूड तयार होते आणि ती दोघांना पकडून ठेवते. आम्ही बर्फ वापरला. तापमानानं अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, म्हणून पोस्टमध्ये बर्फाचा चुरा भरून अर्धा तास थांबलो आणि जुनी सीट दोन्ही हातांत धरून पिळलं. तिसऱ्या खेपेला हललं.

रंग काढणे

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगची कामं होतात. फ्रेम घेऊन गेले की तिथला माणूस सांगतो, दहा मिनिटांत चकाचक करून देतो. दार, ग्रिल, मशीनचे पाय यांना ते उत्तमच आहे. पण जाड वाळू मोठ्या दाबानं ०.६ मिलिमीटरच्या नळीवर मारली तर स्टील खरवडलं जातं, लगच्या धारदार कडा बोथट होतात, आणि खाली क्रोम असेल तर ते कायमचं गेलं. ब्लास्टिंगच करायचं तर काचेचे बारीक मणी आणि कमी दाब, तेही ज्यानं आधी पातळ काम केलं आहे त्याच्याकडे.

मी पेंट रिमूव्हर वापरला. हे काम फक्त उघड्यावर करा. बंद खोलीत, न्हाणीघरात अजिबात नाही. त्याच्या वाफेनं माणसं दगावली आहेत. जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पूर्ण बाह्या. एका वेळी एकच नळी घ्या, जाड थर लावा, वर प्लॅस्टिक गुंडाळा. रंग फुगून सुरकुतला की लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. लोखंडी पट्टी नको. लगच्या कोपऱ्यांत बांबूच्या काड्या आणि पितळी ब्रश.

गच्चीवर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं टोक साफ करत होते, तेव्हा निळा गेला, मग हिरवट फिका निळा गेला, आणि त्याच्या खालून आरशासारखं काहीतरी चमकलं. चिमट्याच्या दोन्ही पायांचा खालचा अर्धा भाग आणि उजवा चेनस्टे (चेनशेजारची मागची खालची नळी) क्रोमचा निघाला. इटालियन कारागीर हे मुद्दाम करत. चेन आपटून चेनस्टेचा रंग उडतो आणि चाक काढता-घालता चिमट्याची टोकं खरचटतात, म्हणून तिथे क्रोम. काकांना हाक मारून वर बोलावलं. ते काही बोलले नाहीत, धोतराच्या टोकानं ते पुसत राहिले. तो भाग मी रंगवायचा नाही असं तिथल्या तिथे ठरलं.

क्रोमवरचे गंजाचे ठिपके अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की निघतात. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. पुन्हा क्रोम चढवायचा मोह मात्र टाळा. प्लेटिंगच्या आधीचं आम्ल नळीत शिरून आतून खात बसतं, शिवाय पातळ कडक स्टील त्या प्रक्रियेत ठिसूळ होण्याचा धोका असतो.

खोल गंजासाठी ऑक्झॅलिक अॅसिड. फरशी पॉलिशवाले वापरतात, केमिकलच्या दुकानात मिळतं. एक लिटर पाण्याला २० ते २५ ग्रॅम पुरे. लहान भाग त्यात रात्रभर बुडवा. फ्रेमला फडकी भिजवून गुंडाळा आणि वर प्लॅस्टिक. अॅल्युमिनियमचे भाग त्यात घालू नका. विषारी आहे, हातमोजे हवेत आणि मुलांपासून, मांजरांपासून लांब. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच उन्हात वाळवा. उघडं स्टील बडोद्याच्या हवेत रात्रभर ठेवलं तर सकाळी पिवळसर दिसतं. म्हणून प्रायमर त्याच दिवशी, आणि तोवर उघड्या हातानं स्पर्श नाही. बोटाच्या घामाचा ठसा प्रायमरखालून सहा महिन्यांनी गंजाच्या रूपात वर येतो.

तो रंग

बियांकीची स्थापना १८८५ मध्ये मिलानला एदोआर्दो बियांकींनी केली. तिच्या 'चेलेस्ते' रंगाबद्दल आख्यायिका बऱ्याच, कुणी मिलानचं आकाश म्हणतं, कुणी राणीचे डोळे. पण कामाची गोष्ट ही, की चेलेस्ते म्हणजे एक ठरावीक रंग नाही. वर्षानुवर्षं तो कधी हिरव्याकडे, कधी निळ्याकडे सरकत आला आहे. इटालियन सायकलपटू फाउस्तो कोप्पी १९४९ आणि १९५२ मध्ये याच रंगाच्या सायकलीवर जिरो आणि टूर द फ्रान्स या दोन्ही शर्यती एकाच वर्षात जिंकला, पण त्याच्या सायकलीचा फोटो बघून १९८१ ची सायकल रंगवणं बरोबर नाही.

मूळ रंग शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: गिअरच्या लिव्हरचा क्लॅम्प, हेडट्यूबवरचा बिल्ला, सीटपोस्टचा बोल्ट यांच्या खाली. तिथे ऊन लागलेलं नसतं. मला क्लॅम्पखाली करंगळीच्या नखाएवढा तुकडा मिळाला. तो आधी बारीक पॉलिशनं घासला, कारण जुना क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पिवळा पडतो आणि तो पिवळेपणा रंगात मिसळून सगळं हिरवट दिसतं. मग गाड्यांचा रंग मिसळून देणाऱ्या दुकानात. तिथे मशीननं मोजून एक मिश्रण दिलं, ते ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलं आणि बाहेर उन्हात चक्क मोरपंखी दिसलं. तेव्हा दुकानातच सही करू नका. पत्र्याच्या तुकड्यावर प्रायमरसकट नमुना मारून घ्या आणि सकाळच्या उजेडात मूळ तुकड्याशेजारी धरा. चौथ्या नमुन्याला माझं जमलं.

प्रायमर, रंग, क्लिअर

पावडर कोटिंग का नको? टिकाऊ असतं, आणि भट्टीच्या १८० ते २०० अंशांनी ब्रेझिंगलाही काही होत नाही, कारण चांदीचं ब्रेझिंगसुद्धा त्याच्या तिपटीहून जास्त तापमानाला वितळतं. पण थर जाड बसतो. लगच्या कडा, ज्या कारागिरानं कानशीनं तासून पातळ केल्या, त्या साखरेच्या पाकात बुडवल्यासारख्या दिसतात. रोजच्या सायकलीला चालेल. हिला नाही.

मी पूर्वतयारी स्वतः केली आणि फवारणी गाड्यांच्या बॉडीशॉपच्या बूथमध्ये करून घेतली. हार्डनर मिसळून लावायच्या टू-के रंगात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना कायमचं त्रास देऊ शकतं आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. घरच्या गच्चीवर हे करू नये.

वेळ निवडताना बडोद्याचं हवामान बघा. जून ते सप्टेंबर विसरा. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसतं आणि रंगावर पांढरट धुकं येतं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. फक्त उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात काम उरकून सायकल बाहेर काढायची घाई नको, मांजा गळ्याला लागतो.

बूथमध्ये जाण्याआधी बीबी शेलमध्ये लाकडी बूच, हेडट्यूबच्या दोन्ही तोंडांना आणि सीटट्यूबमध्ये कागदाची घट्ट गुंडाळी, ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूंना मास्किंग टेप. क्रोमच्या कडेला बारीक टेप लावताना नखानं दाबून बसवा, नाहीतर रंग खालून सरकतो. फ्रेम हेडट्यूबमधून सळी घालून टांगा, म्हणजे हात न लावता फिरवता येते.

आधी इपॉक्सी प्रायमर, पातळ एक-दोन हात. मग सरफेसर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर). बारीक खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरायची तर याच टप्प्यावर, आणि कागदाइतकी पातळ. खोल पोचा लांबीनं भरू नका, नळी लवचीक आहे आणि लांबी तडकते. ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, हाताच्या तळव्यानं नळीला मिठी मारल्यासारखा धरून घासायचा. बोटांनी घासलं तर चर पडतात. लगच्या कडेवर पेपर फिरवताना दोनदा विचार करा, तिथून प्रायमर सगळ्यात आधी निघतो. या घासण्यावर मी सहा संध्याकाळी घालवल्या आणि आज रंगात जे काही चांगलं दिसतं ते त्या सहा संध्याकाळींचं आहे.

फवारणाऱ्या माणसाशी आधी बोलून घ्या. त्याला बोनेट आणि दारं रंगवायची सवय असते, सपाट आणि मोठी. सायकलीला लहान गन लागते. आधी अवघड जागा: बीबीभोवतीचे कोपरे, लगच्या आतल्या बाजू, नळ्यांची पोटं. मोकळ्या नळ्या शेवटी. उलट केलं तर कोपऱ्यांपर्यंत पोचता पोचता मोकळ्या भागावर रंग साचून ओघळ येतो. तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं.

माझी भाची फाइन आर्ट्सला शिकते. लगच्या कडेनं गडद निळी रेघ तिनं शून्य नंबरच्या ब्रशनं ओढली, मनगट नळीवर टेकवून, एक कड एका श्वासात. आधी आम्ही तो रंग साध्या इनॅमलचा घेतला होता. नशीब की जुन्या मडगार्डवर नमुना करून वर क्लिअर मारून पाहिला. इनॅमल पापडासारखा सुरकुतला. टू-के क्लिअरमधलं थिनर त्याला उचलतं. मग रेघाही बेसकोटच्याच रंगानं ओढल्या. क्लिअरखाली जाणारी प्रत्येक गोष्ट, स्टिकरसुद्धा, आधी अशी मडगार्डावर तपासा.

स्टिकर नोंदवहीतल्या मापांनी, साबणाच्या थेंबभर पाण्यावर सरकवून. एक दिवस वाळू द्या, आत पाणी राहिलं तर फुगे येतात. मग क्लिअरचे दोन-तीन हात. रंग हाताला कोरडा लागला तरी आत कच्चा असतो. मी तीन आठवडे फ्रेम तशीच टांगून ठेवली. त्यानंतर १५०० आणि २००० चा वॉटर पेपर, शेवटी पॉलिश.

जोडणी

आधी नळ्यांच्या आत पातळ गंजरोधक वॅक्स फवारा आणि फ्रेम सगळीकडे फिरवा. बडोद्याच्या पावसाळ्यात स्टील आतूनच जातं.

छर्रे सगळे नवे घ्या, जुने मोजून. कॅम्पान्योलोच्या 'रेकॉर्ड' मॉडेलच्या पुढच्या हबला ७/३२ इंची छर्रे लागतात, मागच्याला आणि बीबीला १/४. ७/३२ चा छर्रा गल्लीतल्या दुकानात सहसा नसतो आणि ३/१६ चा 'चालून जाईल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा भाग (कोन) खराब होतो. सीटपोस्ट आणि स्टेमला भरपूर ग्रीस, म्हणजे पुढच्या पिढीला बर्फ आणावा लागणार नाही.

जुनं अॅल्युमिनियम उन्हात भिंगाखाली तपासा: हँडलचा स्टेमजवळचा भाग, आणि उजव्या क्रँकमध्ये जिथे स्पायडरचा (दातेरी चक्र धरणाऱ्या पंजाचा) हात मुख्य दांड्याला मिळतो तो कोपरा. जुन्या रेकॉर्ड क्रँकना नेमकी तिथे केसासारखी चीर जाते. चीर असेल तर तो भाग भिंतीवर लावा, सायकलीवर नाही. ब्रेकचे रबर, केबल, टायर नवेच. टायर घेताना ७०० सी, म्हणजे ६२२ मिलिमीटरच्या रिमचं मागा. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंचीचं रिम ६३५ चं असतं, तो टायर बसत नाही.

शेवटी तो उजवा कप. सरळ आट्यांमुळे पायडल मारता मारता तो आपोआप सैल व्हायचा कल असतो. आटे थिनरनं पुसा, मध्यम ताकदीचं लॉकिंग लिक्विड लावा, पूर्ण ताकदीनं आवळा. मग कपाच्या कडेवरून शेलवर येणारी एक बारीक रेघ मार्करनं काढा. मी कीर्तिमंदिराहून सिंधरोटपर्यंत जाऊन आले की सायकल उलटी करते आणि ती रेघ जुळलेली आहे का बघते. पहिल्या महिन्यात ती एकदा दोन मिलिमीटर सरकली होती. पुन्हा आवळली, नवी रेघ काढली, आणि आता ती जागेवर आहे.